भोपळ्याची पारख आणि मिशीची पैज

सतार कुठली आणि तंबोरा कुठला, हे मला लग्न झाल्यावर कळलं. भोपळा मात्र मला पाचव्या वर्षापासून कळत होता, आणि त्या बाबतीत आजही मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, माण नदीच्या काठावर. काळी जमीन, रब्बीची ज्वारी. ज्वारीच्या कडेनं माझे आबा कडू भोपळ्याचे वेल लावायचे. कडू भोपळा खायचा नसतो, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. आम्ही पोरं दोन सुके भोपळे कमरेला बांधून नदीत पोहायला शिकलो, एवढाच त्याचा आम्हाला उपयोग. बाकीचे सगळे मिरजेकडच्या गाड्या येऊन घेऊन जायच्या. वाद्यं करणारे लोक ते. भोपळा एका अंगावर पडून चपटा झाला तर घ्यायचे नाहीत. म्हणून आबा प्रत्येकाखाली मऊ, वाळकं काड घालायचे आणि दर दोन दिवसांनी त्याची कूस बदलायचे, तान्ह्या लेकराची बदलावी तशी.

वेलावरून उतरवून उन्हात सुकवला, की त्याची पारख. ती आबांनी मला शिकवली. आधी देठाजवळ नखानं टिचकी मारायची. मग पोटावर बोटाच्या पेरानं ठोकायचं. मग कान लावायचा. कच्चा भोपळा 'बद' करतो. पक्का 'टण' करतो आणि तो टण आत थोडा वेळ फिरतो. किडीचं बारीक भोक असेल तर तो फिरत नाही, तिथून निघून जातो. हे मी सांगून कळायचं नाही, कान लावल्यावर कळतं.

एकदा गाडी भरून गेल्यावर मी आबांना विचारलं, "आबा, ह्येंचं काय करत्यात?"

"तारा लावत्यात."

"मग?"

"मग ती बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"मला काय ठावं?" आबा म्हणाले. "आपलं काम पिकवायचं."

मला हे पटलं नाही. आपण ज्याची कूस बदलली, ते बोलायला लागलं आणि आपल्यालाच त्याची बोली माहीत नाही! शाळेत मास्तरांना विचारलं, तर त्यांनी छडी दिली. तिसरीनंतर मी शाळा सोडली. मास्तर म्हणायचे, मला काढलं. काही का असेना.

पुढं सोलापुरात आलो. भवानी पेठेत हातमागावर काम मिळालं. मैंदर्गीची मुलगी बायको म्हणून आली. घरात ती मराठी बोलायची, पण राग आला किंवा हसू आलं की कानडी. तिच्या तोंडून 'येनरी' आलं, म्हणजे 'अहो, ऐकलंत का', की मी ओळखायचो, आता काहीतरी वाढून ठेवलंय.

बाजाराच्या वाटेवर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वाद्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. भिंतीला सतारी टांगलेल्या, खाली तंबोरे निजलेले, कोपऱ्यात भोपळ्यांचा ढीग. दोन वर्षं मी त्या दारावरून गेलो आणि दोन वर्षं तो ढीग बघून माझी बोटं शिवशिवली. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत जमवाजमव केली आणि उन्हाळ्यात एका सुट्टीला, डोक्याला नवं पागोटं बांधून, मिशीला तेल लावून मी त्या दुकानात शिरलो.

माझ्या मिशीबद्दल इथंच सांगतो. पेठेत तशी मिशी दुसरी नव्हती. पुढं तिचं काम आहे.

"आव मियाँ," मिस्त्री म्हणाला, "क्या होना?"

"तारांचं वाजवायचं होना," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरची एक लहान सतार काढून पुढं केली. "सीखनेवाले कू ये अच्छी."

मी ती उलटी केली आणि भोपळ्याला टिचकी मारली. बद. पेरानं ठोकलं. बद. मी सतार परत दिली. त्यानं दुसरी दिली. तिचा भोपळा बरा होता, पण एका अंगावर पडलेला; वरून कितीही रंग द्या, चपटेपणा माझ्या तळहाताला कळायचाच. तीही परत. मिस्त्रीनं चष्मा कपाळावर चढवला. सतारीचं गिऱ्हाईक तारांना हात न लावता तिचं बूड ठोकतंय, हे त्यानं जन्मात पाहिलं नसावं.

"भोपळा खरीदने आये क्या बाजा?"

"भोपळा चांगला तर बाजा चांगला," मी म्हणालो. "आमच्या घरी पिकतो."

मग मीच खाली वाकलो आणि जमिनीवर निजलेल्या एका मोठ्या वाद्याला हात घातला. केवढा तो भोपळा! दोन्ही हातांच्या कवेत मावेना. टिचकी मारली, ठोकला, कान लावला. टण! आणि तो टण आत फिरत राहिला, फिरतच राहिला. आबा हिरव्या भोपळ्यावर देठाशी नखानं एक आडवी रेघ ओढायचे. भोपळा वाढतो तशी ती रेघ वाढते आणि सुकल्यावर वणासारखी राहते. मी ती रेघ शोधली. लाखेचा रंग जाड होता, सापडली नाही. पण मी ठरवलं की हा आमच्याच शेतातला. आजही माझं म्हणणं तेच आहे.

"ह्योच," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्याकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं. "गाते क्या तुम?"

मी उभ्या आयुष्यात गायलो नव्हतो. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं आणखी उभी होती. "व्हय," मी म्हणालो.

त्यानं वाद्य मांडीवर उभं धरून चारी तारांवरून बोट फिरवलं. खोलीभर भुंगे उठले. एकदम मऊ, गोल, संपता संपेना असा आवाज. मग तो तारांखाली बोट दाखवून म्हणाला, "अब ये देखो, इसकू..."

"मला ठावं हाय," मी म्हणालो. घाई झाली होती मला. त्यानं खांदे उडवले.

घरी येऊन मी ते बाजेवर ठेवलं आणि चारी बाजूंनी बघत बसलो. मोठ्या भोपळ्यावर लाकडाची तबकडी, तिच्यावर हाडाची घोडी, घोडीवरून चार तारा गेलेल्या. आणि बघतो तर काय, घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक तुकडा अडकलेला. आता मागावर बसणाऱ्या माणसाचा हात तुम्हाला ठाऊक नसेल. कापडावर सुटा दोरा दिसला की तो आपोआप उचलतो, डोळा मिटायच्या आत. जेवताना शेजाऱ्याच्या सदऱ्यावरचासुद्धा उचलतो. मी चारी दोरे चिमटीनं वेचले, गोळी केली आणि फेकली. म्हटलं, म्हाताऱ्यानं नवा माल नीट झाडूनसुद्धा दिला नाही.

मग पाय पसरून बसलो, तंबोरा उभा धरला आणि बोट फिरवलं.

ठप. ठप. ठप. ठप.

ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज. बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "येनरी, आत काय भरलंय का त्येच्यात?"

दुसऱ्या दिवशी मागावर बातमी पोचली होती. माझ्या शेजारच्या मागावर एक तेलुगू विणकर बसायचा. वयानं थोडा मोठा, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. पेठेतल्या मारुतीच्या देवळात दर सोमवारी भजन व्हायचं, त्यात हा पेटी वाजवायचा आणि त्या पेटीचा त्याला भारी ताठा. मधल्या सुट्टीत तो माझ्या खोलीवर आला, तंबोऱ्याभोवती एक फेरी मारली आणि पोट धरून हसायला लागला.

"ए मंगळवेढं! ह्याच्यावर कोणतं गाणं वाजवणार तू?"

"कोणतंबी."

"अरे, पडदे कुटं हायत ह्याला? सतारीला पडदे असतात, तितं बोट दाबायचं, सूर बदलतो. हा तंबोरा हाय. हा एकच बोलतो जन्मभर. गाणाऱ्याच्या मागं धरून बसायचं ह्याला. गाणं वाजत न्हाय ह्याच्यावर!"

मला हे ठाऊक नव्हतं. सतार घ्यायला गेलो आणि भोपळ्याच्या नादानं तंबोरा घेऊन आलो. पण बायको दारात उभी होती, शेजारची दोन माणसं आत डोकावत होती.

"मला ठावं हाय की," मी म्हणालो. "मी तंबोराच आणायला गेलतो."

"मग वाजव."

मी वाजवला. ठप, ठप, ठप, ठप. अण्णा खाली बसला हसता हसता.

"परत देऊन ये जा," तो म्हणाला. "न्हायतर तुझ्या बायकोला दे, ज्वारी भरून ठेवंल."

तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी बुवांच्या मागं बसून वाजवीन. तुझी पेटी बंद पडंल माझ्या तंबोऱ्यापुढं."

बुवा म्हणजे भजन सांगणारे म्हातारे. तेही विणकरच, आता नजर कमी झाल्यामुळं मागावर बसत नव्हते, ताण्याला खळ लावायचं काम करायचे. त्यांचा शब्द पेठेत कुणी मोडत नव्हतं.

अण्णा हसायचा थांबला. "बुवा सोताच्या तोंडानं म्हणाले, की पेटी थांबवा, तर मी पेटी ठेवीन आणि मागच्या ओळीत बसून टाळ कुटीन. आणि न्हाय म्हणाले तर?"

"तर ही मिशी उतरवीन. देवळाच्या पायरीवर बसून."

शेजाऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. बायको आत निघून गेली. रात्री जेवायला वाढताना ती एवढंच म्हणाली, "मिशी गेल्यावर तुमी कसं दिसाल, बघते मी आता," आणि तव्यामागं तोंड लपवून बराच वेळ हसत बसली.

परत द्यायला गेलो असतो तर प्रश्न मिटला असता. पण ज्या माणसाला 'मला ठावं हाय' म्हणून आलो, त्याच्या दारात 'मला ठावं न्हाय' म्हणायला जायचं? ते माझ्याच्यानं झालं नाही.

आधी सूर लावायला शिकायचं होतं. म्हणून बुवांकडं गेलो. पेठेतल्या गल्लीत पहाटेपासून ताणे पसरलेले असायचे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हजारो दोरे ताणून बांधायचे आणि त्यांच्यावरून खळीचा कुंचा फिरवायचा. बुवा कुंचा फिरवत पुढं चालायचे आणि तोंडानं एकच सूर धरायचे. मी पैजेचं बोललो नाही, पण त्यांना ठाऊक असणारच.

"सूर कसा लावायचा, बुवा?"

"ताण्यातला एक दोरा सैल असला तर तुला कळतं का?"

"कळतं."

"डोळ्यानं का बोटानं?"

"बोटानं."

"मग मला कशाला इचारतो?" म्हणाले आणि कुंचा पुढं नेला. पण चार पावलांवर थांबून म्हणाले, "माझा सूर घेऊन जा. मधल्या दोन तारा ह्याच्याशी मिळव. शेवटची जाड, ती ह्याच्या खाली, पार तळाला. पैली ह्या दोन्हींच्या मधी कुटंतरी गोड लागंल, तितं सोड." आणि त्यांनी सूर लावला, लांब.

मी तो तोंडात धरला आणि तोंड मिटून, नाकातून गुणगुणत घराकडं निघालो. भरलेली घागर डोक्यावरून न्यावी तसा. वाटेत मुकादमांनी राम राम घातला. मी मान हलवली, तोंड उघडलं नाही. मुकादम रागावले. पानवाल्यानं हाक मारली, तिकडं बघितलं नाही. पार दारापर्यंत आणला होता सूर, आणि दारात बायको म्हणाली, "तेल संपलंय." मी म्हणालो, "बरं." झालं! सांडला सूर. परत बुवांकडं.

असं आठ-दहा दिवस चाललं. पेठेत बोलवा झाली की माझी दातखीळ बसलीय. एका म्हातारीनं दारावरून लिंबू उतरून टाकलं. शेवटी बायकोच माझ्याबरोबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत यायला लागली आणि माझ्या पुढं चालत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बोलू नका, सूर हाय त्यांच्या तोंडात." त्यावर तर लोक जास्तच हसायचे. पण सूर घरी पोचला. तारा मिळाल्या. दोराच तो, लोखंडाचा असला म्हणून काय. सैल कुठं, ताठ कुठं, हे माझ्या बोटाला कळत होतं.

पण आवाज तोच. ठप. सुरात ठप, एवढंच.

मला वाटलं, बोट चुकतंय. महिनाभर पहाटे उठून तारा छेडल्या, बोटाच्या टोकाला फोड आला, फुटला, घट्टा पडला. अण्णा मागावरून विचारायचा, "काय म्हणतोय भोपळा? आंबट का तुरट?" आषाढ निम्मा झाला. एकदा मनात आलं, भोपळाच खोटा असेल का? लगेच मी स्वतःच्याच तोंडात मारली. भोपळा खोटा नव्हता. आबांचा कान खोटा पडणं शक्य नाही.

तेव्हा मी मिस्त्रीच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायला लागलो. आत जायचं नाही, विचारायचं नाही, समोरच्या फुलवाल्याच्या दारात उभं राहून नुसतं बघायचं. पहिल्या दिवशी फुलवाल्याला संशय नको म्हणून एक गजरा घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. तिसऱ्या दिवशी बायकोनं गजरा हातात धरून विचारलं, "येनरी, बरं वाटंना का तुमाला?"

चौथ्या दिवशी मिस्त्रीनं एक तंबोरा मांडीवर घेतला. छेडला. ठप! हुबेहूब माझ्या तंबोऱ्यासारखा. मग त्यानं खिशातून सुताचं एक गुंडाळं काढलं, बोटभर दोरा तोडला, तारेखाली घोडीवर घातला आणि एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं तो दोरा केसभर पुढं, केसभर मागं सरकवला. ठप... ठप... ठप... आणि एकदम तार उघडली. भुंगा उठला.

माझे डोळे उघडले आणि त्याच वेळी मान खाली गेली. चारी दोरे मी माझ्या हातानं वेचून टाकले होते. कचरा म्हणून!

मिस्त्रीनं मान वर न करता हाक मारली, "मियाँ, कायकू खडे धूप में चार दिन से? अंदर आव."

"सहज उभा हाय," मी म्हणालो आणि धूम ठोकली. मागून त्याच्या हसण्याचा आवाज आला.

घरात पाऊल टाकताच बायकोला विचारलं, "मी दोरे टाकलेले, कुटं हायत?"

"दोन महिन्यांपूर्वीचे? चुलीत गेले असतील."

मग सूत शोधायला लागलो. आता हे माझं राज्य होतं. विसाचं सूत घातलं, जाड पडलं, तार गुदमरली. चाळिसाचं घातलं, पातळ. तार नुसती कुरकुरली. खळ लावलेला दोरा घातला, तो ताठ, तारेखाली कडकडला. रेशीम घातलं, ते निसटलं. बायको म्हणाली, वात घालून बघा. वातही घालून बघितली. तिसऱ्या दिवशी मागावर एक दोरा तुटला. तुटला की गाठ मारताना जे टोक उरतं, ते आपण टाकतो. ते मी टाकलं नाही, पागोट्यात खोचलं. घरी आल्यावर पाण्यात धुऊन त्याची खळ काढली, मांडीवर वळून अर्धा पीळ उलगडला आणि तारेखाली घातला.

एक तार. केसभर पुढं, केसभर मागं.

ती उघडली. मी श्वास धरून दुसरी उघडली, तिसरी, चौथी. चारी तारांवरून बोट फिरवलं.

खोली भरली. भोपळा मांडीला लागलेला, त्याचं पोट थरथरत होतं आणि ते माझ्या हाडांपर्यंत येत होतं. सूर चार होते, पण त्यांच्यातून आणखी कितीतरी निघत होते, मी न वाजवलेले. जणू आत कुणीतरी टण केलं आणि त्या टणला बाहेर यायची वाट आजच सापडली. मला आबांची आठवण आली. काय बोलत्यात, म्हणून मी विचारलं होतं. हे बोलतात!

बायको भाकरी थापत होती. तिचा हात तसाच परातीत राहिला. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी कुणी उठेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "ह्येच्यात कोण हाय वं?"

"आपलं शेत हाय," मी म्हणालो.

त्या दिवशी आम्ही करपलेली भाकरी खाल्ली. तेवढी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. दिवेलागणीला मारुतीच्या देवळात माणूस मावेना. भजनाला आले होते, की माझी मिशी बघायला आले होते, ते मारुतीला ठाऊक. एका उत्साही माणसानं न्हाव्यालाही आणून पायरीवर बसवलं होतं, धोकटीसकट. बायको बायकांच्या घोळक्यात होती, डोक्यात गजरा माळून.

मी बुवांच्या मागं बसलो. अण्णा पेटी घेऊन त्यांच्या डाव्या हाताला. मी तारा छेडल्या. पावसाळी हवेनं सूत फुगलं होतं, तारा उतरल्या होत्या. ठप.

अण्णानं न्हाव्याकडं बघून वस्तऱ्याची खूण केली. देवळात हसू पसरलं.

मी मान खाली घातली. पागोट्यात तुटके दोरे खोचलेले होतेच. चार काढले, मांडीवर वळले, घातले. बुवा तोवर तोंड मिटून सूर धरून बसले होते, पहाटे गल्लीत धरायचे तोच, माझ्यासाठी का सवयीनं, ते मी कधी विचारलं नाही. त्याच्याशी मधल्या दोन मिळवल्या. मग तळाची. मग पहिली. दोरा केसभर पुढं.

तंबोरा उघडला.

पण त्याच क्षणी अण्णानं भाता हाणला आणि पेटी अशी काही किंचाळायला लागली, की शेजारच्या माणसालाही माझा तंबोरा ऐकू जाईना. बुवांनी अभंग धरला. एक कडवं झालं. दुसरं झालं. अण्णा मान डोलावत पेटी ठोकत होता, माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. मी डोळे मिटले आणि छेडत राहिलो. दुसरं काय करणार? तो एकच बोलतो जन्मभर.

तिसऱ्या कडव्यापाशी बुवा थांबले. त्यांनी कान मागं केला. मग डावा हात उचलून पेटीच्या दिशेनं हलवला.

"थांब म्हणाले!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणाले कुटं?" अण्णा भाता न सोडता म्हणाला. "हात केला नुसता! माशी बसली असंल! पैज तोंडाची हाय!"

"हात म्हंजे तोंडच की!"

"तोंड म्हंजे तोंड!"

देवळात गिल्ला झाला. बुवांनी डोळे उघडले, मान वळवली आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एमिरा! काय रे हे? थांबव की ती पेटी! मला त्यो भोपळा ऐकू दे!"

पेटी थांबली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत माझा तंबोरा एकटाच होता. बुवांचा म्हातारा आवाज त्याच्यावर असा येऊन बसला, जसा थकलेला माणूस बाजेवर बसतो. सगळं कडवं त्यांनी पुन्हा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. बायकांच्या घोळक्याकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याच्यानं छेडणं झालं नसतं.

अण्णा शब्दाला जागला. पेटी बंद करून मागच्या ओळीत गेला आणि टाळ घेतले. पण टाळ त्यानं जन्मात धरले नव्हते. एक टाळ ठेक्याच्या आधी, एक नंतर, मध्येच तिसराच. माणसं हसायला लागली, टाळकऱ्यांची लय मोडली. दोन अभंग बुवांनी सोसलं. मग म्हणाले, "द्या रे त्याला ती पेटी परत. पण हळू वाजव म्हणावं." अण्णा येऊन बसला आणि खरंच हळू वाजवली. तो वाजवणारा चांगला होता, हे मी नाकारत नाही. पेटी आणि तंबोरा एकत्र कसे लागतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

न्हावी रिकाम्या हातानं गेला. प्रसाद खाऊन आम्ही निघालो. तीन तास एका मांडीवर बसून माझा पाय बधिर झाला होता, बोटाचा घट्टा फुटला होता. तंबोरा कसाबसा दारापर्यंत आणून खाली टेकवला. पायरीवर अण्णा आडवा आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यानं वाकून भोपळ्याला नखानं टिचकी मारली, पेरानं ठोकलं आणि माझ्यासारखाच कान लावला. त्याला काय कळलं, देव जाणे.

मग तंबोरा दोन्ही हातांनी कवेत उचलून तो माझ्या घराच्या वाटेला लागलासुद्धा.

"अरं, माझा मी नेतो की!" मी म्हणालो.

"गप चल," अण्णा म्हणाला. "तू मिशी सांभाळ. भोपळा मी धरतो."